नारळ फुटला, काम अडले

अमळनेर तालुक्यातील पाडळसे गावाजवळ तापीच्या पात्रात निम्न तापी प्रकल्पाचे धरण उभे राहत आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याला पहिली प्रशासकीय मान्यता मिळाली, तेव्हा खर्चाचा अंदाज होता सुमारे १४२ कोटी रुपये. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच धरणाच्या सुधारित खर्चाला मान्यता दिली, तेव्हा आकडा झाला होता ४,८९० कोटी. अमळनेर, चोपडा, धरणगाव, पारोळा आणि पलीकडचे धुळे, शिंदखेडा अशा तालुक्यांतील पंचवीस हजार हेक्टरांहून अधिक जमीन या पाण्यावर भिजायची आहे. धरण मंजूर झाले तेव्हा जो शेतकरी तिशीत होता, त्याचा मुलगा आज तिशीत आला आहे. पाणी मात्र पावसाळ्यात पाडळसेचे प्रस्तंभ ओलांडून खाली जाते आणि गुजरातेत उकाईच्या जलाशयात जमा होते.

१४२ चे ४,८९० म्हणजे जवळपास चौतीस पट. याच पाव शतकात देशातील सर्वसाधारण महागाई चार-पाच पटींच्या आसपास वाढली. मधल्या फरकाचे स्पष्टीकरण भुसावळ, जळगाव, धुळे या पट्ट्यातला माणूस आता उघडपणे मागतो आहे. अमळनेरमध्ये या धरणासाठी जनआंदोलन समिती उभी राहिली, साखळी उपोषणे झाली. जळगावात महामार्गासाठी समांतर रस्ते कृती समिती रस्त्यावर उतरली. या आंदोलनांचे वैशिष्ट्य असे, की त्यांतला कोणीही प्रकल्पाला विरोध करत नाही. जे सुरू केले ते पूर्ण करा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

भुसावळ हे या प्रश्नाकडे पाहण्यासाठी योग्य गाव आहे, कारण मोठ्या सरकारी कामावरच हे शहर उभे राहिले. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने थळ घाट ओलांडून लोहमार्ग खान्देशात आणला. १८६५ मध्ये घाट खुला झाला आणि १८७० मध्ये मुंबई-कोलकाता रेल्वेने जोडले गेले. मधल्या काळात तापीकाठचे लहानसे खेडे जंक्शन झाले. आज इथून एक मार्ग नागपूरकडे आणि दुसरा खंडव्याकडे फुटतो. तेव्हाच्या वेगाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. त्या खासगी कंपनीला गुंतवणुकीवर पाच टक्के परताव्याची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिलेली होती. खर्च कितीही वाढला तरी कंपनीचे काही जात नव्हते, भरपाई इथली रयत करत होती. वाढीव खर्चाची झळ निर्णय घेणाऱ्याला लागत नाही, हा दोष तेव्हाही होता आणि तो पुढे चालत आला.

शहराच्या वरच्या अंगाला हतनूरचे ४१ दरवाज्यांचे धरण आहे. १९८२ च्या सुमारास ते पूर्ण झाले. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांच्या केळीला, दीपनगरच्या औष्णिक केंद्राला, वरणगावच्या आयुधनिर्माणीला आणि भुसावळला त्याचा आधार आहे. आता गाळामुळे त्याची साठवणक्षमता बरीच घटली आहे. आणि नदीकाठच्या, धरणाखालच्या या पावणेदोन लाखांहून अधिक वस्तीच्या शहराला नळाचे पाणी कित्येक वर्षे आठ-दहा दिवसांआड मिळते. जून २०१५ मध्ये केंद्राने अमृत अभियान जाहीर केले, भुसावळचा त्यात समावेश झाला, अभियानाची पहिली मुदत मार्च २०२० ची होती. ती उलटून गेली तरी शहरातील बायकांनी पिंप भरून ठेवण्याची सवय सोडलेली नाही. राष्ट्रीय योजना गल्लीपर्यंत पोहोचताना कुठे अडते, हे भुसावळकराला कोणत्याही अहवालाशिवाय कळते. खोदलेला रस्ता बुजत नाही, जलवाहिनी टाकून होते पण जलकुंभ अपुरा राहतो, जलकुंभ होतो तर नदीतून पाणी उचलण्याचे काम मागे पडलेले असते.

दीपनगरच्या ६६० मेगावॅटच्या नव्या संचाचीही गोष्ट फार वेगळी नाही. भारत हेवी इलेक्ट्रिकल्सला २०१८ मध्ये त्याचे कंत्राट मिळाले. मध्ये कोरोनाची दोन वर्षे गेली हे खरे, पण करारातील मुदत त्याही पलीकडे उलटली.

महामार्गाचा इतिहास अधिक बोलका आहे. सुरत-नागपूर रस्ता, म्हणजे पूर्वीचा सहा क्रमांकाचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, नवापूर, धुळे, जळगाव, भुसावळ, अकोला, अमरावती असा जातो. चौपदरीकरणाची घोषणा झाल्यापासून तो तुकड्यातुकड्यांनी कंत्राटदारांकडे गेला. फागणे ते सोनगढ आणि चिखली ते अमरावती ही दोन्ही टोके आयएल अँड एफएस समूहाच्या कंपन्यांकडे होती. २०१८ मध्ये तो समूह कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला आणि दोन्ही टोकांची कामे ठप्प झाली. खोदलेल्या, एका बाजूने उखडलेल्या रस्त्यावरून लोक पुढची काही वर्षे जीव मुठीत धरून ये-जा करत राहिले. मुंबईतील एका वित्तसंस्थेच्या ताळेबंदाची किंमत मूर्तिजापूरच्या आणि विसरवाडीच्या दुचाकीस्वाराने मोजली.

याच महामार्गावर जून २०२२ मध्ये एक जागतिक विक्रम झाला. अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरली गेली आणि गिनीजने त्याची नोंद घेतली. हे काम खरोखर अभिमानास्पद होते. रात्रंदिवस राबलेले अभियंते आणि मजूर कौतुकास पात्र आहेत. पण या विक्रमाने एक गोष्ट कायमची सिद्ध केली: आपल्याकडे यंत्रे, माणसे आणि कौशल्य यांची कमतरता नाही. रस्ता अडतो तो डांबर अंथरण्यात नव्हे. भूसंपादन, वित्तपुरवठा, वीज आणि पाण्याच्या वाहिन्या हलवणे, कंत्राटदार बुडाला तर पुढे काय याची तरतूद नसणे, अशा गोष्टींवर वर्षे जातात. पाच दिवसांत होणाऱ्या कामासाठी दशकभर थांबावे लागते ते या कागदपत्रांमुळे.

जळगाव शहरात तर हा रस्ता वस्तीच्या मधोमध. शाळा, महाविद्यालय, कामाचे ठिकाण गाठायला लोकांना अवजड ट्रकच्या रांगेतून वाट काढावी लागे आणि अपघातांची मालिका संपत नव्हती. वाहतूक शहराबाहेरून नेणारे तरसोद ते पाळधी हे बाह्यवळण हाच त्यावरचा उपाय होता. चिखली ते तरसोद हा भुसावळवरून जाणारा टप्पा पूर्ण होऊन वाहने भरधाव धावू लागली तरी बाह्यवळण मागेच राहिले. परिणाम असा, की चौपदरी रस्त्यावरून वेगाने आलेला ट्रक थेट शहराच्या गर्दीत शिरत राहिला. अर्धवट प्रकल्प कधी कधी मुळीच नसलेल्या प्रकल्पापेक्षा घातक ठरतो, तो असा. जळगावहून अजिंठ्याकडे, छत्रपती संभाजीनगरला जाणारा रस्ता २०१८ च्या सुमारास खोदला गेला आणि नंतर काम थांबले. जगभरातून लेणी पाहायला येणाऱ्यांनी कित्येक हंगाम तो धुळीचा नाहीतर चिखलाचा रस्ता पाहिला.

रेल्वेकडे वळले तर १६ फेब्रुवारी २०१९ ही तारीख महत्त्वाची. त्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी धुळ्यात आले होते. लोकसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. एकाच व्यासपीठावरून उधना-जळगाव दुहेरीकरण राष्ट्राला अर्पण झाले, भुसावळ-वांद्रे खान्देश एक्स्प्रेसला हिरवा झेंडा दाखवला गेला, अक्कलपाड्याच्या निम्न पांझरा प्रकल्पाचे लोकार्पण झाले. धुळे-नरडाणा रेल्वेमार्ग, जळगाव-मनमाड तिसरी मार्गिका आणि सुलवाडे-जामफळ-कानोली उपसा सिंचन योजना यांचे भूमिपूजनही झाले. यांतील उधना-जळगाव दुहेरीकरण मुळात दशकभर चाललेले काम. ते पार पडले आणि त्याचा फायदा दिसतो आहे, हे मान्य केलेच पाहिजे. सुलवाडे-जामफळची कल्पना मात्र १९९९ पासूनची. तिची कोनशिला बसायलाच वीस वर्षे लागली.

धुळे-नरडाणा हा मनमाड-इंदूर या मोठ्या मार्गाचा एक तुकडा. या मार्गाची मागणी ब्रिटिश काळापासूनची. १९०० मध्ये चाळीसगावहून धुळ्याला आलेला फाटा तिथेच संपला आणि आग्रा रोडवरचे हे जिल्ह्याचे ठिकाण सव्वाशे वर्षे मुख्य लोहमार्गाच्या बाजूला राहिले. ऑगस्ट २०१८ मध्ये जहाजबांधणी मंत्रालय, रेल्वे आणि महाराष्ट्र-मध्य प्रदेश सरकारे यांच्यात करार झाला. ३६२ किलोमीटर, सुमारे ८,५७५ कोटी, जवाहरलाल नेहरू बंदराच्या पुढाकाराने. धुळ्यात फटाके फुटले. करार पुढे बारगळला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्ग नव्याने मंजूर केला. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी, नवी स्थानके ३०, पूर्ण करण्याचे लक्ष्य २०२८-२९. सहा वर्षांत मार्ग पन्नास किलोमीटरने आखूड झाला आणि खर्च दुपटीहून वाढला. दोन आकडे वेगवेगळ्या यंत्रणांनी, वेगळ्या आखणीवर काढले हे लक्षात घेतले तरी एक प्रश्न उरतोच: २०१८ चा आकडा कशाच्या आधारावर लोकांपुढे मांडला गेला होता?

भुसावळच्या आसपास सध्या मंजुऱ्यांचा ओघ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव-मनमाड चौथी मार्गिका आणि भुसावळ-खंडवा तिसरी-चौथी मार्गिका, ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्धा-भुसावळ तिसरी-चौथी मार्गिका. गरज निर्विवाद आहे. मालगाड्या आणि प्रवासी गाड्या एकाच जोडमार्गावर चालतात, भुसावळच्या अलीकडे आउटरला गाडी उभी राहते तेव्हा त्याचे कारण हेच असते. पण पाचोरा-जामनेरच्या लोकांना विचारले तर ते वेगळे चित्र सांगतील. त्यांची 'पीजे' ही अरुंद रुळांची गाडी मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली, ती पुन्हा सुरू झाली नाही. रुंदीकरण आणि बोदवडपर्यंत विस्तार मंजूर झाला. तोवर एस.टी. आणि काळी-पिवळी हाच विद्यार्थ्यांचा आधार. नवे येईपर्यंत जुने चालू ठेवण्याचा विचार आपल्या नियोजनात जवळपास नसतोच, आणि गरिबाला सर्वाधिक त्रास त्याचाच होतो.

हे सगळे का होते? खान्देशापुरते उत्तर शोधायचे तर पाण्याकडे परत जावे लागते, कारण सिंचनातच रोगाची मुळे सर्वाधिक स्पष्ट दिसतात.

१९९६ ते १९९८ या काळात महाराष्ट्रात पाच पाटबंधारे महामंडळे स्थापन झाली. जळगावचे तापी पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ चे. तापी खोऱ्यातील महाराष्ट्राच्या वाट्याचे सुमारे १९१ टीएमसी पाणी वापरात आणायचे, हे त्यामागचे उद्दिष्ट रास्त होते. पण महामंडळे आली आणि मंजुऱ्यांचा पूर लोटला. प्रत्येक तालुक्याला धरण, प्रत्येक आमदाराला भूमिपूजन. सविस्तर आराखडा, पायाचे भूशास्त्र, जमिनीची मोजणी पूर्ण होण्याआधीच कामांना मान्यता मिळाली. कमी आकडा दाखवला की फाइल लवकर सरकते आणि एकदा काम सुरू झाले की कोणी बंद करत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. मग येते सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी.

महालेखापालांच्या २०१४ च्या अहवालाने हे चित्र आकड्यांत मांडले. जून २०१३ मध्ये राज्यात ६०१ सिंचन प्रकल्प अपूर्ण होते आणि त्यांतील ३६३ प्रकल्पांचा खर्च मूळ अंदाजापेक्षा ४७ हजार कोटींहून अधिक वाढला होता. त्याआधी २०१२ मध्ये राज्याच्या आर्थिक पाहणीतील सिंचनक्षेत्राच्या आकड्यावरून वादळ उठले, मुख्य अभियंता विजय पांढरे यांचे पत्र गाजले, श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. भ्रष्टाचाराची चर्चा तेव्हा झाली आणि व्हायलाच हवी होती. तिच्या धुरळ्यात एक साधे गणित झाकले गेले. समजा एका धरणाचे तीन हजार कोटींचे काम उरले आहे. वर्षाला दीडशे कोटी मिळतात. साहित्य, मजुरी आणि जमिनीचे दर वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले तरी उरलेल्या कामाचा खर्च पहिल्याच वर्षी १८० कोटींनी वाढतो. म्हणजे वर्षभर काम करून धरण पूर्णत्वापासून तीस कोटी रुपये अधिक लांब जाते. सहाशे प्रकल्पांत निधी वाटला की यातला एकही लवकर संपत नाही. हंडाभर पाणी साऱ्या शेताला शिंपडावे आणि एकाही रोपाच्या मुळाशी ओल पोहोचू नये, तसा हा प्रकार.

निळवंडे धरणाने हेच दाखवले. १९७० मध्ये सुमारे आठ कोटींना मान्यता, ऑक्टोबर २०२३ मध्ये डाव्या कालव्याचे लोकार्पण, खर्च ५,१७७ कोटी. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, मूळ अंदाज ३७२ कोटी, पुढे सुधारित खर्च अठरा हजार कोटींपलीकडे. या वाढीत काही भाग न्याय्य आहे. २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्याने शेतकऱ्याला आधीपेक्षा बराच बरा मोबदला मिळू लागला. तो खर्च वाढवतो म्हणून रडणे चूक आहे. विस्थापितांना कवडीमोलाने उठवून स्वस्तात धरणे बांधली, तोच खरा अन्याय होता. पण काम वेळेत झाले असते तर वाढीव दरांचा प्रश्न एवढा मोठा झालाच नसता.

खान्देशची आणखी एक अडचण आहे. वैधानिक विकास मंडळांच्या रचनेत विदर्भ आणि मराठवाड्याला स्वतंत्र मंडळे मिळाली. खान्देश गेला 'उर्वरित महाराष्ट्रात', पुणे, सातारा, कोल्हापूर यांच्या पंगतीत. अनुशेषाच्या हिशेबात त्याचा वेगळा आवाज उरला नाही.

बांधून झालेल्या कामांची कहाणीही पाहण्यासारखी आहे. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज झाले, त्यांत पाणी अडते. पण ते शेतात नेणाऱ्या काठावरच्या २२ सहकारी उपसा योजना कर्ज आणि वीजबिलाच्या ओझ्याने कधीच बंद पडल्या होत्या. त्यांची दुरुस्ती रेंगाळत राहिली. डोळ्यांसमोर भरलेली नदी आणि बांधावर कोरडा पंप, ही शहादा-शिंदखेड्याच्या शेतकऱ्याची व्यथा आहे. लोकार्पणाचा दिवस हाच शेवट समजणारे नियोजन देखभालीसाठी पैसा ठेवत नाही.

हा रोग केवळ आपला नाही. डेन्मार्कचे संशोधक बेंट फ्लुबिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वीस देशांतील २५८ वाहतूक प्रकल्प तपासले. दहापैकी जवळपास नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला होता. त्यांचा निष्कर्ष असा, की अंदाज नेहमी एकाच दिशेने चुकतात, म्हणून ही निव्वळ चूक म्हणता येत नाही. मंजुरी मिळावी म्हणून आकडा लहान ठेवला जातो. ब्रिटनच्या एचएस-२ या वेगवान रेल्वेचा बर्मिंगहॅम-मँचेस्टर टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये खर्चापायी रद्दच करावा लागला. आपल्याकडे केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय १५० कोटींवरील केंद्रीय प्रकल्पांवर लक्ष ठेवते. मार्च २०२४ च्या त्याच्या अहवालानुसार १,८७३ पैकी ४४९ प्रकल्पांचा खर्च एकूण पाच लाख कोटींहून अधिक वाढला होता आणि ७७९ प्रकल्प मुदतीमागे होते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये झाली, तेव्हा १५ ऑगस्ट २०२२ ला ती धावेल असे सांगितले गेले होते. मुंबई-गोवा महामार्गाचे काम २०११ पासून चालू आहे.

तरीही वेगाने काम होऊच शकत नाही, हे म्हणणे खोटे आहे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन होऊन जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली. सह्याद्रीतले बोगदे, दऱ्यांवरचे पूल, गोव्यातला विरोध, सगळे पार करून. तिथे ई. श्रीधरन यांच्यासारखा प्रमुख होता, त्याला अधिकार होते आणि पैसा मोठ्या प्रमाणात रोख्यांतून उभा केला होता. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये पूर्ण खुले झाले. त्याच्या खर्चावर आणि आखणीवर टीका होऊ शकते, पण सरकारने मनावर घेतलेले काम कसे पुढे जाते हे राज्याने पाहिले. म्हणूनच पाडळसेचा शेतकरी विचारतो, की आमचे काम मनावर घेण्याच्या यादीत कधी येणार?

आता खान्देशापुढे तापी महापुनर्भरण योजना आहे. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात कूपनलिका शेकडो फूट खोल गेल्या आहेत, सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची ही कल्पना भूगर्भाच्या दृष्टीने सयुक्तिक आहे. मे २०२५ मध्ये भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी करारावर सह्या केल्या. खर्चाचा अंदाज १९ हजार कोटींहून अधिक. केळीपट्टा वाचवायचा तर अशा योजनेची गरज आहे आणि तिला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र तापी खोऱ्यात पाडळसे, सुलवाडे-जामफळ, बोदवड उपसा, गिरणेवरचे सात बलून बंधारे हे सगळे रांगेत उभे असताना आणखी एका मोठ्या योजनेचा पैसा कुठून येणार, हे सरकारने सांगायला हवे. निधीचा वार्षिक तुकडा आणखी बारीक झाला तर जुनेही बुडेल आणि नवेही.

यासाठी तीन गोष्टी तातडीने करता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक प्रकल्पस्थळी मूळ मंजुरीची तारीख, मूळ खर्च आणि आजचा खर्च यांचा फलक लावावा. ज्यांचे तीन-चतुर्थांश काम झाले आहे, त्यांना आधी पूर्ण निधी द्यावा आणि तो दुसरीकडे वळवता येणार नाही अशी कायदेशीर तरतूद करावी. नव्वद टक्के जमीन ताब्यात आल्याशिवाय कोणत्याही कामाची कोनशिला बसवू नये. या मागण्यांत नवीन काही नाही. जमीन हाती आल्याशिवाय काम सुरू करू नये, हे चितळे यांच्यापासून महालेखापालांपर्यंत सर्वांनी या ना त्या शब्दांत सांगून झाले आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून एकच गोष्ट विधिमंडळात लावून धरावी: तापीवरच्या पुढच्या भूमिपूजनाची तारीख ठरवण्याआधी पाडळसेचे दरवाजे कधी बसणार आणि कालव्यातून पहिले पाणी कोणत्या वर्षी येणार, हे सभागृहात लेखी जाहीर करा.